नाल्यातली पन्नी कोणाची? आधी पुरावा, मग बोट

पावसाळा तोंडावर आला की अकोल्यात मोर्णेच्या काठी आणि अमरावतीत अंबा नाल्याच्या काठी एकच बोलणे ऐकू येते: "हे वस्तीवालेच सगळा कचरा नाल्यात टाकतात." नाला तुंबला, वस्तीमुळे. डेंग्यू पसरला, वस्तीमुळे. असे बोलणारा माणूस नाल्याजवळ जाऊन बघत नाही, कारण उत्तर त्याने आधीच ठरवलेले असते. घाण कोणाची हे ठरवण्याची एक शास्त्रीय रीत आहे. समुद्राच्या बाबतीत शास्त्रज्ञ ती वापरतात. आपल्या नाल्याच्या बाबतीतही ती वापरली पाहिजे, आणि तशी मागणी आपण वस्तीतल्या लोकांनीच केली पाहिजे, असे माझे मत आहे.

गोव्याचे उदाहरण घ्या. तिथल्या किनाऱ्यावर पावसाळ्यात डांबरासारखे काळे गोळे वाहून येतात. समुद्रात सांडलेले खनिज तेल लाटांनी घुसळून आणि उन्हाने आटून हे गोळे बनतात. मुंबईसमोरच्या समुद्रात 'बॉम्बे हाय'च्या तेलविहिरी आहेत, त्यामुळे संशय तिकडे जाणे सोपे होते. पण दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे व्ही. सुनील, पी. वेथामोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोळ्यांचे नमुने गोळा केले, बॉम्बे हायच्या तेलाचा नमुना घेतला आणि दोन्ही ताडून पाहिले. २०१३ साली त्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. तेल बॉम्बे हायचे नव्हते. ते आग्नेय आशियातल्या तेलाशी जुळत होते, आणि टाक्या धुऊन ते पाणी समुद्रात सोडणाऱ्या तेलवाहू जहाजांमधून आले होते.

हे कसे कळले? खनिज तेल म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी गाळात गाडल्या गेलेल्या सूक्ष्म जीवांचे आणि वनस्पतींचे अवशेष. त्या जीवांच्या शरीरातले काही रेणू इतके चिवट असतात की एवढ्या काळानंतरही ओळखू येतात. त्यांना जैवखुणा म्हणू. पानावरच्या मेणाची खूण वेगळी, जिवाणूंच्या पेशींची खूण वेगळी. प्रत्येक भागातल्या तेलात या खुणांचे प्रमाण निराळे असते. अंगठ्याच्या ठशावरून माणूस ओळखावा, तसे त्यावरून तेल ओळखता येते.

मैल्याचीही अशी खूण असते. आतड्यातले जिवाणू कोलेस्टेरॉलपासून कोप्रोस्टॅनॉल नावाचा पदार्थ बनवतात. नदीच्या गाळात तो भरपूर सापडला की पाण्यात मैला मिसळतो आहे, हे शास्त्रज्ञ सांगू शकतात. तो मैला बंगल्यातला की झोपडीतला, हे मात्र त्या खुणेवरून कळत नाही. पोटातल्या जिवाणूंना जात आणि मजला ओळखता येत नाही.

प्लास्टिकही तेलापासून आणि वायूपासूनच बनते. कारखान्यातल्या प्रक्रियेत या जुन्या खुणा बहुतेक पुसल्या जातात. म्हणून प्लास्टिकच्या तुकड्यावर इन्फ्रारेड किरण टाकून तो पॉलिथिनचा आहे, पॉलिप्रॉपिलीनचा की थर्माकोलचा, हे ओळखतात. मोठ्या तुकड्याला तर एवढेही लागत नाही. दुधाच्या पिशवीवर, चिप्सच्या पाकिटावर, सलाइनच्या बाटलीवर खूण छापलेलीच असते. ती वाचायला प्रयोगशाळा लागत नाही.

समुद्र आपल्यापासून फार दूर आहे असेही समजू नका. मोर्णा पूर्णेला मिळते, पेढीही पूर्णेलाच मिळते. पूर्णा जळगाव जिल्ह्यात चांगदेवजवळ तापीला मिळते आणि तापी सुरतच्या पुढे अरबी समुद्राला. सगळी पन्नी तिथवर पोचत नाही. बरीचशी काठावरच्या शेतात, गाळात, धरणात अडकते. उन्हापावसाने तिचे तुकडे होत जातात. पाच मिलिमीटरपेक्षा लहान तुकड्यांना मायक्रोप्लास्टिक म्हणतात. डोळ्याला न दिसणारे पाण्यात काय काय असू शकते, हे खारपाणपट्ट्यातल्या माणसाला वेगळे सांगायला नको.

पुरावा न बघता 'पाणी तुम्हीच घाण केले' असे म्हणण्याची या समाजाला जुनी सवय आहे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली आपली माणसे महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्यायली. त्यानंतर सनातन्यांनी शेण, गोमूत्र, दूध आणि दही यांचे १०८ घडे ओतून ते तळे 'शुद्ध' केले. माणसाच्या ओंजळीने तळे बाटते आणि शेणाने शुद्ध होते, हे कोणत्या तपासणीत दिसले होते? प्रकरण न्यायालयात गेले. तिथे पुरावा मागितला गेला. अस्पृश्यांना दूर ठेवण्याची प्रथा अनादी काळापासून चालत आली आहे, हे विरोधकांना सिद्ध करता आले नाही आणि १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला. जिथे पुरावा मागितला जातो, तिथे बदनामी टिकत नाही.

कोणी म्हणेल, वस्तीतले लोकही नाल्यात टाकतातच की. टाकतात. खर्र्याची पन्नी आपल्या पोरांच्याच हातून नालीत जाते, हे नाकारण्यात अर्थ नाही. ज्या गल्लीत घंटागाडी येत नाही तिथे कचरा कुठे टाकायचा, हाही प्रश्न खरा आहे. पण नाला वस्तीत उगम पावत नाही. वरच्या अंगाला बाजार आहे, मंगल कार्यालये आहेत, दवाखाने आहेत, सोसायट्या आहेत. उताराने सगळे खाली येते आणि खाली आपली घरे आहेत. ज्याच्या दारात कचरा अडकला तोच दोषी, हा न्याय झाला नाही.

दोष कोणाचाही असो, आजार मात्र आपल्या घरात येतो. तुंबलेल्या नालीच्या घाण पाण्यात क्युलेक्स डास वाढतो आणि तो हत्तीरोग पसरवतो. विदर्भाला तो रोग नवा नाही. फेकलेल्या कपात, टायरात, पन्नीच्या खळग्यात पावसाचे स्वच्छ पाणी साचते, तिथे डेंग्यूचा एडिस डास अंडी घालतो. मायक्रोप्लास्टिक तर शरीराच्या आत पोचले आहे. २०२४ मध्ये इटलीतल्या डॉक्टरांनी मानेच्या रक्तवाहिनीतून काढलेला चरबीचा थर तपासला. २५७ रुग्णांपैकी १५० जणांच्या थरात प्लास्टिकचे कण सापडले. पुढच्या सुमारे तीन वर्षांत त्या रुग्णांमध्ये हार्ट अटॅक, लकवा किंवा मृत्यूचा धोका इतरांच्या साडेचार पट दिसला. प्लास्टिकमुळेच असे घडले, हे अजून सिद्ध झालेले नाही. पण दुर्लक्ष करण्यासारखी ही गोष्ट नक्कीच नाही.

सगळ्यात जवळचा धोका चुलीत आहे. चूल लवकर पेटावी म्हणून पन्नी घालण्याची सवय अनेक घरांत आहे. पीव्हीसीचे पाइप, वायरचे आवरण, रेक्झिन जळाले की हायड्रोजन क्लोराइड आणि डायऑक्सिनसारखे विषारी पदार्थ तयार होतात. चुलीजवळ बसलेली बाई आणि तिच्या मांडीवरचे लेकरू तो धूर सगळ्यात आधी श्वासात घेतात. तांब्यासाठी वायर जाळणाऱ्या भंगारवाल्या भावांनाही हेच सांगायचे आहे. वायर सोलून काढा, जाळू नका. घरोघरी हे थांबवायला कोणाच्या परवानगीची गरज नाही. उघड्यावर कचरा जाळण्यावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने डिसेंबर २०१६ मध्ये बंदी घातली आहे आणि ५,००० ते २५,००० रुपये दंड ठेवला आहे. तो नियम रस्त्याच्या कडेला कचऱ्याचे ढीग पेटवणाऱ्यालाही लागू आहे, हेही लक्षात ठेवा.

बाकीचे काम विहार समितीने हाती घ्यावे. जानेवारी २०१८ मध्ये अकोल्याचे हजारो लोक मोर्णा साफ करायला उतरले. त्याच महिन्यात पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये त्यांचा उल्लेख केला. सफाई चांगलीच गोष्ट आहे. पण काढलेला कचरा कुठून आला याची नोंद झाली नाही, तर पुढच्या वर्षी पुन्हा तोच कचरा काढत बसावे लागते. म्हणून पावसाळ्यापूर्वी एका रविवारी नाल्याच्या काठावरचा कचरा मोजा. जिथे नाला वस्तीत शिरतो तिथे एकदा आणि जिथे बाहेर पडतो तिथे एकदा. हातात जाड मोजे, पायात बूट हवेत. सुईला आणि दवाखान्याच्या कचऱ्याला हात लावायचा नाही, फक्त फोटो काढायचा. लहान मुलांना न्यायचे नाही. खर्र्याच्या पन्न्या किती, दुधाच्या पिशव्या किती, थर्माकोलची ताटे किती, कोणत्या कंपनीची पाकिटे किती, हे वहीत लिहा. दोन्ही आकड्यांतला फरक पाहा. वस्तीची भर किती आणि वरून आलेले किती, याचा अंदाज त्यातून येईल. आपली भर जास्त निघाली तर तेही लपवू नका, आपल्या गल्लीपासून सुधारणा सुरू करा.

मग ही वही घेऊन महानगरपालिकेत जा. एक प्रत अमरावतीच्या किंवा अकोल्याच्या महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात द्या. प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियम २०१६ प्रमाणे वेष्टनाचा कचरा परत गोळा करण्याची जबाबदारी कंपन्यांवर आहे आणि शहरातला प्लास्टिक कचरा उचलण्याची जबाबदारी स्थानिक संस्थेवर. एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे. ती बंदी वरच्या बाजारात किती पाळली जाते, किती दंड वसूल झाला, आपल्या गल्लीत घंटागाडी किती दिवस आली, हे माहितीच्या अधिकारात विचारा. अर्जाला १० रुपये लागतात आणि ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. नाल्याच्या पाण्याची आणि गाळाची तपासणी करून अहवाल मराठीत द्या, अशी मागणीही त्याच अर्जासोबत लेखी द्या.

आणि पुढच्या वेळी कोणी म्हणाले की नाला वस्तीने घाण केला, तर त्याच्याशी भांडू नका. वही पुढे करा आणि त्याचा हिशोब मागा.