जमा-खर्च : कोठडीच्या दारातला पानभर कागद

तुरुंगात नवा माणूस आला की आधी वॉरंट तपासतात, मग अंगझडती, मग नोंदवहीत नाव, गाव, ओळखीच्या खुणा. त्यानंतर एक कागद भरायचा असतो. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने 1999 मध्ये त्याचा नमुना सगळ्या राज्यांना पाठवला होता. काही आजार आहे का, गोळ्या चालू आहेत का, तीन आठवड्यांपासून खोकला आहे का, व्यसन आहे का. मग उंची, वजन, डोळ्यांचा पिवळेपणा. आणि अंगावर जखम असेल तर तिचा तपशील.

एवढ्या पानभर कागदाला टेंडर लागत नाही, त्याचे उद्घाटन होत नाही आणि फीत कापतानाचा फोटोही निघत नाही. तुरुंगावरच्या सरकारी खर्चाबद्दल लिहायला बसलो तर मला पहिल्यांदा तोच आठवतो. परभणीकराला तर आठवायलाच हवा.

10 डिसेंबर 2024 रोजी परभणी रेल्वे स्थानकासमोरच्या डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याजवळील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागले आणि धरपकड झाली. पकडलेल्यांत सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचा विद्यार्थी होता. आधी पोलीस कोठडी, मग न्यायालयीन कोठडी, आणि 15 डिसेंबरला मृत्यू. छत्रपती संभाजीनगरला झालेल्या शवविच्छेदनात अनेक जखमांचा उल्लेख आला. पोलिसांनी मारहाण झाल्याचे नाकारले. आईने न्यायालयाचे दार ठोठावले. 4 जुलै 2025 रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवायला सांगितले आणि 30 जुलैला सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश कायम ठेवला. दोषी कोण, ते न्यायालय ठरवील. माझा विषय त्याच्या अलीकडचा आहे. पोलिसांच्या ताब्यातून तुरुंगाच्या ताब्यात माणूस जातो, त्या दारात उभ्या असलेल्या शिपायाला सरकारने काय शिकवले आहे, आणि त्यासाठी किती पैसा ठेवला आहे?

तुरुंगासाठी पैसा नाही असे म्हणायची सोय नाही. 2002 मध्ये केंद्राने तुरुंग आधुनिकीकरणाची 1,800 कोटींची योजना काढली, तीन हिस्से केंद्राचे आणि एक राज्याचा. त्यातून इमारती झाल्या, बराकी वाढल्या. 2021 ते 2026 साठी पुन्हा 950 कोटींची योजना आली. तिच्या कागदांत सुधारसेवांचे शब्द आहेत, पण भर मेटल डिटेक्टर, सामान तपासायची यंत्रे, अंगावरचे कॅमेरे अशा सुरक्षेच्या साधनांवर. वस्तू विकत घेता येते, मोजता येते, तिचे उपयोगिता प्रमाणपत्र पाठवता येते. शिकवलेला शिपाई असा कपाटात ठेवून दाखवता येत नाही, म्हणून आपल्याकडचा तुरुंगाचा पैसा नेहमी भिंतीकडे आणि यंत्राकडे वळतो. माझा आक्षेप तेवढाच आहे.

प्रशिक्षणाची सोय आपल्याकडे नाही असेही नाही. येरवड्याला 1955 पासून तुरुंग अधिकाऱ्यांचे प्रशिक्षण महाविद्यालय आहे, दौलतराव जाधवांच्या नावाचे. दक्षिणेतल्या राज्यांची मिळून वेल्लोरला एक संस्था आहे. अडचण आहे ती अंतराची आणि हजेरीची. परभणीचा एखादा हवालदार येरवड्याला पाठवायचा, तर इथल्या पाळीवर त्याच्या जागी कोण उभे राहणार? राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकड्यांप्रमाणे 2022 अखेरीस महाराष्ट्रातल्या तुरुंगांत 25 हजारांच्या जागेत 41 हजार माणसे होती. पाचांपैकी चार न्यायाधीन, म्हणजे अजून गुन्हा शाबीत न झालेली. जिथे बराकीची मोजदाद करायलाच माणूस पुरत नाही, तिथला साहेब कर्मचाऱ्याला कोर्ससाठी सोडेल हे म्हणायला सोपे आहे.

या बाबतीत अमेरिकेचे उदाहरण देताना मला थोडे ओशाळल्यासारखे होते, कारण त्या देशाने जेवढी माणसे डांबून ठेवली आहेत त्याला तोड नाही. तरी एक गोष्ट त्यांनी नीट केली. 1971 च्या सप्टेंबरात न्यूयॉर्क राज्यातल्या अॅटिका तुरुंगात बंड झाले, 43 माणसे मेली. बहुतेकजण सरकारी गोळ्यांनी मेले, त्यांत ओलीस धरलेले कर्मचारीही होते. त्या धक्क्यातून 1974 मध्ये केंद्र सरकारने तुरुंग-व्यवस्थापनाची एक राष्ट्रीय संस्था उभी केली. तिच्याकडे स्वतःचे तुरुंग नाहीत. काउंटीच्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या ठिकाणच्या छोट्या जेलच्या प्रमुखाने पत्र लिहून अडचण कळवायची. संस्था जाणकार माणूस त्याच्या दारात पाठवते, खर्च केंद्राचा.

परभणीला हे नवे वाटायचे कारण नाही. 1972 पासून इथे कृषी विद्यापीठ आहे. बोंडअळी आली की शास्त्रज्ञ शेताच्या बांधावर येतो, रान मोकळे टाकून शेतकऱ्याने सहा महिने वर्गात बसावे असे त्याला कुणी सांगत नाही. विस्तार शिक्षणाची ही रीत शेतीत आपण पन्नास वर्षे चालवली. तुरुंगाच्या दारापर्यंत तेवढी ती पोचली नाही.

पोचली नाही की काय होते, ते भायखळ्याने दाखवले. 23 जून 2017 ला तिथल्या महिला कारागृहात मंजुळा शेट्ये ही बंदी मरण पावली. वाद सुरू झाला तो न्याहारीतली दोन अंडी आणि पाच पाव कमी पडले म्हणून, असा आरोप आहे. सहा महिला कर्मचाऱ्यांना अटक झाली. मुंबईसारख्या ठिकाणी, मंत्रालयापासून हाकेच्या अंतरावर हे झाले. त्याच वर्षी सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने कोठडीतल्या अनैसर्गिक मृत्यूंबद्दल निकाल देताना तुरुंगातल्या माणसांच्या प्रशिक्षणावर बोट ठेवले होते.

निकाल येतात, परिपत्रके निघतात. 3 ऑक्टोबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयाने कारागृहातील जातिभेदाचे नियम रद्द केले आणि कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढायला सांगितला. मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवरचा हा निकाल. रकाना छापखान्यात निघेलही. पण झाडू कुणाच्या हातात द्यायचा हे पिढ्यान्‌पिढ्या रकाना न बघता ठरत आले आहे, आणि ती सवय मोडायला कुणीतरी त्या शिपायांबरोबर बसून बोलावे लागते. त्याचे बिल कोणत्या लेखाशीर्षाखाली टाकायचे?

शिकलेला माणूस नसला की आलेला पैसाही परत जातो. गरीब कैद्यांना जामीन भरता यावा म्हणून केंद्राने 2023 मध्ये वर्षाला 20 कोटींची योजना आणली. न्यायाधीन बंद्याला 40 हजारांपर्यंत, दंड न भरल्याने अडकलेल्याला 25 हजारांपर्यंत. प्रत्येक जिल्ह्यात समिती, तीत जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, कारागृह अधीक्षक, विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव. तरी पात्र कैदी शोधून कळवा म्हणून केंद्राला राज्यांना आठवणपत्रे पाठवावी लागली. जामीन मिळूनही बाहेर न पडलेली माणसे तुरुंगात, आणि पैसा उचलायला कुणी नाही. कारण यादी करायची, घरच्या परिस्थितीची चौकशी करायची, कागद लावून प्रकरण समितीपुढे न्यायचे, हे काम कुणाचे आणि ते कसे करायचे हे खालपर्यंत सांगितलेच गेले नाही.

डिसेंबर 2024 च्या नागपूर अधिवेशनात, परभणीवरून सभागृह तापलेले असतानाच, 1894 च्या जुन्या तुरुंग कायद्याच्या जागी राज्याचा नवा कायदा आणणारे विधेयकही मांडले गेले. सव्वाशे वर्षांनी का होईना, चांगले झाले. मात्र नव्या कायद्याच्या प्रती वाटून प्रशिक्षण झाले असे कुणी समजू नये.

परभणीपुरते मागणे फार नाही. 2023 पासून इथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथला न्यायवैद्यक विभागाचा डॉक्टर महिन्यातून दोन दुपारी कारागृहात जाऊन कर्मचाऱ्यांना दाखवू शकतो की मुका मार कपड्याखाली कसा ओळखायचा, छातीत दुखते म्हणणाऱ्याला सकाळपर्यंत थांबवायचे की आत्ता हलवायचे, आणि जखमेच्या रकान्यात ‘निरंक’ लिहिण्यापूर्वी शर्ट काढायला सांगायचा. पाळी अडू नये म्हणून हे शिकवणे तिथेच, दोन तुकड्यांत. येण्याजाण्याचा आणि मानधनाचा खर्च जिल्हा नियोजन समितीने उचलावा, पोलिसांच्या गाड्यांना तिच्याकडे पैसे निघतातच. 950 कोटींच्या योजनेची मुदत 2026 ची आहे, म्हणजे पुढच्या योजनेचे आराखडे होणार. त्यात जिल्हा कारागृहांच्या दारातल्या प्रशिक्षणाला स्वतंत्र लेखाशीर्ष मागणारे पत्र पालकमंत्र्यांच्या सहीने इथूनच जायला हवे. गेले, तर त्याची तारीख या स्तंभात छापीन.