शेत शिकविते, पण शेत चालविते कोण?

शेतावर शिक्षण देण्याची कल्पना आपल्या देशाला नवी नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी उत्पादक श्रमावर आधारलेल्या शिक्षणाचा विचार मांडला आणि सेवाग्रामच्या परिसरात तो 'नई तालीम' या नावाने मूर्त स्वरूपात आला. मधल्या काळात खंडित झालेली ही परंपरा २००५ मध्ये 'आनंद निकेतन' शाळेच्या रूपाने तेथेच पुन्हा सुरू झाली. आज देशाच्या निरनिराळ्या भागांत विश्वस्त संस्थांनी चालविलेली अशी शेते आहेत. तेथे शाळकरी मुले एका दिवसासाठी येतात, तरुण वर्षभर राहतात आणि शहरातील कुटुंबे सुट्टीच्या दिवशी भाजी खुडायला जातात. या संस्थांचे वार्षिक अहवाल वाचताना मला एक गोष्ट सातत्याने जाणवते. त्यांत मातीविषयी भरपूर मजकूर असतो, बियाण्यांविषयी असतो, विद्यार्थिसंख्येचे तक्ते असतात. मात्र हे सारे जी माणसे चालवितात, त्यांच्याविषयी शेवटच्या पानावर आभाराच्या दोन ओळी असतात. हा विनय आहे असे आपण समजतो. माझ्या मते तो हिशेबातील एक गंभीर दोष आहे.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला ना-नफा संस्थांचे हिशेब शिकविताना सांगितले जाते, की येथे नफा-तोटा पत्रक नसते, उत्पन्न-खर्च पत्रक असते. उत्पन्न जास्त झाले तर त्यास आधिक्य म्हणावे, खर्च जास्त झाला तर तूट. परंतु न घेतलेला पगार या पत्रकात कोठेच येत नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या शाखेत एका लहानशा शेती-शिक्षण संस्थेची कागदपत्रे आली होती. पती-पत्नी दोघे मिळून संस्था चालवीत. ते शेती पाहत, प्रशिक्षणार्थींना शिकवीत आणि शाळांच्या सहलींचे नियोजन करीत. त्या निवासी मुलांचा स्वयंपाक, रोपवाटिका आणि रोजकीर्द सांभाळीत. संस्थेकडून दोघांना मिळून जे मानधन मिळे, त्यात एखादा पूर्णवेळ शेतमजूरही टिकला नसता. ताळेबंद मात्र देखणा होता. सलग तीन वर्षे आधिक्य! मी कागदाच्या कोपऱ्यात सहज आकडेमोड केली. उद्या हे दोघे थांबले, तर एक शेती-पर्यवेक्षक, एक शिक्षक, एक स्वयंपाकी आणि एक अर्धवेळ लेखनिक नेमावा लागेल. त्यांचे पगार मांडताच आधिक्य नाहीसे होऊन भली मोठी तूट उभी राहिली. कागदावर दिसणारे ते आधिक्य वस्तुतः त्या दांपत्याने न घेतलेल्या पगाराचे होते.

अशी माणसे येतात तरी कोठून, हा प्रश्न साहजिक आहे. पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील पाबळचे उदाहरण मराठी वाचकांना परिचित असेल. डॉ. श्रीनाथ कालबाग यांनी अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठातून अन्न-तंत्रज्ञानात डॉक्टरेट मिळविली होती आणि हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रात ते वरिष्ठ पदावर होते. ते पद सोडून त्यांनी १९८३ मध्ये पाबळसारख्या अवर्षणप्रवण गावात विज्ञान आश्रमाची स्थापना केली. हाताने काम करीत शिकणे हीच माणसाची शिकण्याची नैसर्गिक रीत होय, हा त्यांचा सिद्धान्त. शाळा सुटलेली मुले त्यांना चालत असत. किंबहुना तीच हवी असत. शेती व पशुपालन, यंत्रशाळा, ऊर्जा व पर्यावरण, गृह व आरोग्य अशा चार विभागांत मुलाने वर्षभर प्रत्यक्ष काम करावे आणि त्यातून शिकावे, अशी तेथील अभ्यासक्रमाची रचना झाली. शाळांसाठी तयार झालेल्या मूलभूत तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमात तर केलेल्या कामाचा खर्च काढणे हा अभ्यासाचाच भाग आहे. वाफा किती लांबीचा, बियाणे किती, मजुरी किती, हे मुलाने स्वतः मांडावयाचे. बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाला याचे विशेष कौतुक वाटले तर वाचकांनी नवल मानू नये! अमेरिकेतील 'एमआयटी' या विख्यात संस्थेच्या सहकार्याने २००२ मध्ये फॅब लॅब, म्हणजे संगणकाच्या साहाय्याने वस्तू घडविण्याची प्रयोगशाळा, याच पाबळमध्ये सुरू झाली.

डॉ. कालबाग २००३ मध्ये निवर्तले. आश्रम मात्र चालू राहिला, आणि मला वाटते ती त्यांच्या कार्यातील सर्वांत मोठी गोष्ट आहे. संस्थापकाच्या हयातीतच त्याच्याबरोबर वर्षानुवर्षे काम केलेली दुसरी फळी तेथे उभी होती.

याच्या उलट चित्र अमेरिकेतील मिलवॉकी शहरात दिसले. विल अ‍ॅलन हे मूळचे व्यावसायिक बास्केटबॉलपटू. पुढे नामांकित कंपन्यांत नोकरी केलेले. त्यांनी १९९३ मध्ये शहरातील जुनी हरितगृहे असलेली लहानशी जागा घेतली आणि तेथून 'ग्रोइंग पॉवर' ही ना-नफा संस्था उभी राहिली. गांडूळखत, मत्स्यपालनाच्या पाण्यावर वाढविलेला भाजीपाला, वस्तीतील मुलांना शेतीचे शिक्षण असे तिचे बहुविध काम होते. २००८ मध्ये अ‍ॅलन यांना पाच लाख डॉलर्सची मॅकआर्थर शिष्यवृत्ती मिळाली, २०११ मध्ये एका बड्या व्यापारी कंपनीच्या प्रतिष्ठानाने दहा लाख डॉलर्सहून अधिक देणगी दिली. जगभरातून माणसे पाहायला येत. आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये, देणी साचल्यानंतर, संचालक मंडळाने संस्था विसर्जित करण्याचा निर्णय घेतला. कीर्ती होती, निधी होता, कामही खरे होते. तरीही संस्था तिच्या संस्थापकापलीकडे गेली नाही. बाहेरून आलेला पैसा विस्तारासाठी येतो. रोजचे वीजबिल आणि पगार भागविण्यासाठी क्वचितच येतो.

हीच अडचण आपल्याकडे अधिक तीव्र आहे. देणगीदारास इमारतीवर आपल्या वडिलांचे नाव हवे असते. ट्रॅक्टरची चावी देतानाचे छायाचित्र छापता येते. शेती-शिक्षकाच्या बाराव्या महिन्याच्या पगाराचे कसे छापणार? कंपनी अधिनियम, २०१३ अन्वये मोठ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करावी लागते. हा निधी अशा शेतांपर्यंत पोहोचतो तेव्हा बहुधा प्रकल्पाच्या स्वरूपात, ठरावीक मुदतीसाठी असतो. प्रकल्प संपतो, गाय मात्र दुसऱ्या दिवशी सकाळीही दोहावीच लागते.

बँकांकडे यावे, तर तेथेही वाट सरळ नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ३६-अ मध्ये विश्वस्तांनी संस्थेसाठी कर्ज काढण्यासंबंधी धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीची तरतूद आहे. ही तरतूद संस्थेच्या मालमत्तेच्या रक्षणासाठी आहे आणि ती असावीच. परंतु परवानगीचा अर्ज फिरत असताना मृग नक्षत्र थांबत नाही. शिवाय व्यक्तिगत शेतकऱ्याचा सातबारा, पीक आणि पीककर्ज यांचे जे सुटसुटीत नाते आहे, ते शिकविण्यासाठी पेरलेल्या शेताशी जुळत नाही. तेथे एका एकरात बारा पिके असतात, त्यातील चार मुद्दाम चुकू देण्यासाठी लावलेली असतात. मुलाने दाट पेरले तर काय होते, हे दाट पेरल्याशिवाय त्याला कसे कळणार?

मग पर्याय कोणते? एक पर्याय गुजरातच्या उंबरगावजवळील देहरी गावी भास्कर सावे यांनी दाखविला. प्राथमिक शिक्षक असलेल्या सावे यांच्या 'कल्पवृक्ष' बागेत नारळ व चिकूच्या उत्पन्नावर घर चालत असे आणि नैसर्गिक शेती पाहायला येणाऱ्यांना ते स्वतः बाग दाखवीत. २०१५ मध्ये त्यांचे निधन झाले. येथे शेती आधी स्वतःच्या पायावर उभी राहिली, शिकविणे मागून आले. दुसरा पर्याय १९८६ मध्ये अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स व न्यू हॅम्पशायर या राज्यांतील दोन शेतांवर सुरू झाला. तेथे ग्राहक कुटुंबे हंगामापूर्वीच आपला वाटा भरून ठेवतात आणि पीक येईल तसतशी भाजी घेऊन जातात. आपल्या परिभाषेत सांगावयाचे तर हे बिनव्याजी पीककर्ज. आणि तेही पीक बुडाल्यास परत न मागण्याच्या अटीवर! तिसरे उदाहरण आपल्या व्यवसायातील आहे. कर्नाटकातील उजिरे येथे १९८२ मध्ये धर्मस्थळ येथील शैक्षणिक न्यास, सिंडिकेट बँक व कॅनरा बँक यांनी मिळून ग्रामीण तरुणांना स्वयंरोजगार शिकविणारी 'रुडसेटी' ही संस्था उभारली. पुढे देशभर बँकांनी अशी प्रशिक्षण केंद्रे काढली. बँकेने केवळ कर्ज न देता प्रशिक्षणाचा भार उचलावा, ही कल्पना आपल्याकडे चार दशके रुजलेली आहे.

या तिन्ही वाटांनी जाताना मूळ प्रश्न टाळता येत नाही. जे चालवितात, त्यांना योग्य वेतन मिळावे, आणि ते संस्थेच्या पुस्तकात दिसावे. सेवाभावी माणसास पगाराविषयी विचारणे आपल्याला अप्रशस्त वाटते. मला तसे वाटत नाही. स्वेच्छेने कमी घेणे हा त्यांचा अधिकार आहे. पण ती रक्कम संस्थेने वेतन म्हणून खर्चात आणि तेवढीच देणगी म्हणून जमेस दाखवावी. एवढ्या एका नोंदीने विश्वस्तांना, देणगीदारांना आणि कर्ज देणाऱ्यांना संस्थेचा खरा खर्च कळेल. त्यांच्या जागी येणाऱ्या तरुणाला काय द्यावे लागेल, याचाही अंदाज येईल. संस्थेला भेट देणाऱ्या आमच्या सहकाऱ्यांनी जमिनीचा उतारा आणि विहिरीची खोली यांबरोबर आणखी एक चौकशी करावी: हे दोघे महिनाभर आजारी पडले, तर गोठ्याची किल्ली कोणाकडे असते?

ग्राहक वाचकांकडेही एक मागणे आहे. अशा शेतांवर शाळेची सहल जाते तेव्हा दरडोई शुल्कावरून घासाघीस होते, हे मी प्रत्यक्ष पाहिले आहे. जलक्रीडा-उद्यानाच्या तिकिटाला विनातक्रार पैसे मोजणारे पालक, दिवसभर मुलांना नांगर, शेण, पाणी आणि बी यांची ओळख करून देणाऱ्या माणसाला "एवढे कशाचे?" असे विचारतात.

उपरोक्त दांपत्याच्या संस्थेने पुढील वर्षीच्या अंदाजपत्रकात 'सहायक व्यवस्थापक – वेतन' ही नवी ओळ घातली. प्रशिक्षण घेऊन तेथेच राहिलेली एक मुलगी आता त्या पदावर आहे. संस्थेला त्या वर्षी तूट आली. विश्वस्तांच्या सभेत त्यावर बरीच चर्चा झाली, असे समजते. तिचे वेतन मात्र पुढील वर्षासाठीही मंजूर झाले.