मजकूर वाचून दाखवला, समजला?

बँकेत असताना निरक्षर कर्जदाराचा अंगठा घेतला, की त्याखाली ‘मजकूर वाचून दाखवला व समजावून सांगितला’ असे लिहून मी सही करीत असे. मार्चअखेरच्या गर्दीत खरोखर किती जणांना वाचून दाखवला, हे माझे मला ठाऊक. ‘साहेब, तुम्ही सांगाल तिथं अंगठा,’ असे म्हणून माणसे निघून जात.

ही जुनी टोचणी पुन्हा जागी केली ती मराठी विकिपीडियाने. २००३ साली सुरू झालेला हा ज्ञानकोश कोणीही लिहावा, कोणीही सुधारावा. आमचे ओझर विमानांच्या कारखान्याचे. विघ्नहराचे ओझर जुन्नर तालुक्यातले. लोक नेहमी घोटाळा करतात, म्हणून काही वर्षांपूर्वी त्यावर चार ओळी लिहायला बसलो. वर सूचना होती: सदस्य नसाल तर तुमचा ‘अंकपत्ता’ पानाच्या इतिहासात नोंदला जाईल. मला वाटले, घर क्रमांक असेल!

अंकपत्ता म्हणजे इंटरनेट जोडणीचा क्रमांक. त्यावरून जोडणी कोणत्या कंपनीची, गाव साधारण कोणते, हे कोणालाही शोधता येते. कचेरीतून लिहिले तर कधी कचेरीही कळते. एखाद्या नोकरदाराने गावच्या पुढाऱ्याविषयी खरी पण नकोशी ओळ लिहिली, तर? निनावी राहिलो अशा समजुतीत तो उघडा पडायचा. सूचनेत खोटे काही नव्हते. पण तिने त्याला सावधही केले नव्हते.

अलीकडे विकिपीडियाने हे क्रमांक झाकून तात्पुरती खातेनावे द्यायला सुरुवात केली आहे, हे चांगलेच झाले. तरीही काही अनुभवी स्वयंसेवकांना ते पाहता येतात आणि जुन्या नोंदी तशाच आहेत. आपल्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने संमतीची सूचना आठव्या अनुसूचीतील भाषांत, म्हणजे मराठीतही, वाचण्याची सोय सांगितली आहे. पण मराठी अक्षरे म्हणजे मराठी नव्हे.

कोणी म्हणेल, लांबलचक सूचना वाचतो कोण? मग लांबवू नका. ‘नाव दिले नाही तरी तुमच्या जोडणीचा क्रमांक आमच्याकडे राहतो. तो अमुक लोकांना दिसतो. लिहिलेले पुसले तरी जुनी प्रत सहसा सर्वांना दिसत राहते.’ तीन वाक्ये पुरेत. ती शेजारच्या आजींना वाचून दाखवावीत. त्यांनी ‘म्हणजे काय रे?’ विचारले, तर पुन्हा लिहावीत.

मी तेव्हा एवढेही केले नाही. सही मात्र ठसठशीत करीत होतो.