आज्ञापालनाचे मोल

टाळेबंदी हा शब्द सोलापुरास 2020 साली नव्याने शिकावा लागला नाही. गिरण्यांच्या या गावात तो पिढ्यान्‌पिढ्या वापरातला आहे. गिरणीच्या दारास मालकाने कुलूप ठोकले आणि भोंगा वाजेनासा झाला, की त्यास टाळेबंदी म्हणावयाचे. आणि घरातील पीठ किती दिवस पुरेल याचा हिशेब चाळीतील बायकांनी त्याच सायंकाळी मांडावयाचा. परंतु त्या टाळेबंदीस मालक असे. त्याच्या दारी जाऊन जाब विचारता येई. युनियन होती, कोर्ट होते. 24 मार्च 2020 रोजी रात्री आठ वाजता जी टाळेबंदी पुकारण्यात आली आणि अवघ्या चार तासांनी, मध्यरात्रीपासून, साऱ्या देशास लागू झाली, तिच्यात कुलूप होते. परंतु ज्याच्याकडे बुडालेली मजुरी मागावी असा मालक कोठेच नव्हता.

त्या दिवसांचा विषय निघाला म्हणजे सुशिक्षित घरांतून एक वाक्य आजही हटकून ऐकू येते: ‘‘आपल्या लोकांना शिस्तच नाही.’’ हे वाक्य उच्चारणारा गृहस्थ स्वतःस ‘आपल्या लोकांत’ धरीत नाही, हे वेगळे सांगावयास नको. आमचे म्हणणे असे की, हे वाक्य वस्तुस्थितीस सोडून आहे, अन्यायाचे आहे, आणि पुढील साथीच्या वेळी घातक ठरणारे आहे. त्या काळी ते आम्हीही अनेकदा उच्चारले आहे. तेव्हा ते खोडून काढण्याची जबाबदारी आमच्यावरही येते.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. साथ खोटी होती, ती कोणाचे तरी कारस्थान होते, असे म्हणणाऱ्यांच्या पंक्तीस आम्ही बसत नाही. एप्रिल 2020 च्या दुसऱ्या आठवड्यात शहरातील पहिला रुग्ण पाच्छा पेठेत आढळला, आणि त्यानंतरचे महिने या शहराने कसे काढले हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. औषध ठाऊक नाही, लस नाही, रुग्णालयांत खाटा मोजक्या. अशा वेळी माणसांची गर्दी काही काळ थांबविणे भाग होते. वाद बंद करावे की न करावे हा नाही. बंदचा भार कोणी वाहिला, आणि तो वाहणाऱ्यांसच बेशिस्त हे नाव कोणी ठेवले, हा वाद आहे.

‘घरातच राहा’ ही आज्ञा दिसावयास सर्वांस सारखी. परंतु आज्ञा सारखी असली म्हणून तिची किंमत सारखी नसते. आमच्यासारख्यांच्या घरी तीन खोल्या, डब्यांत महिन्याचा किराणा, आणि पहिल्या तारखेस बँकेत जमा होणारा पगार किंवा पेन्शन. आम्ही दूरदर्शनवर पुन्हा लागलेले रामायण पाहिले, नवे पदार्थ करून पाहिले, गच्चीवर येरझारा घातल्या. 22 मार्च रोजी सायंकाळी टाळ्या व थाळ्या वाजविल्या, आणि 5 एप्रिलच्या रात्री दिवे लावले. या साऱ्यात आम्ही आज्ञा पाळली हे खरे; परंतु ती पाळण्यासाठी आमचे काय गेले, असे कोणी विचारल्यास आम्हांस फारसे सांगता येणार नाही.

आता पूर्वभागातील विडी वळणाऱ्या बाईचे घर पाहा. कारखान्याच्या शाखेवर जाऊन पान व तंबाखू आणावयाची. पान भिजवून कातरीने मापात कापावयाचे. सूप मांडीवर घेऊन वळावयास बसावयाचे. वळलेली विडी परत शाखेवर नेऊन मोजून द्यावयाची. आणि छाटात गेलेली वजा जाता हजारामागे जी मजुरी बसेल ती घ्यावयाची. या कामात घर हाच कारखाना आहे; परंतु पान शाखेवरून आल्यावाचून तो चालत नाही. शाखा बंद झाली त्या दिवशी तिचे हात मोकळे झाले आणि चूलही थंडावली. यंत्रमागावरील मजुराचेही तेच. चादर आणि टॉवेल जितके निघतील तितकी मजुरी. माग थांबला की मजुरी थांबली. आणि ज्या घरात राहावयाचे ते घर म्हणजे बहुधा एक खोली. तीत सहा-सात माणसे, नळ व संडास सामाईक. उन्हाळ्याच्या भर दुपारी पत्र्याखाली सहा माणसांनी एकमेकांपासून किती अंतर राखावे, याचे गणित आज्ञा देणाऱ्याने मांडले नव्हते.

कोणी म्हणेल की सरकारने अगदीच काही केले नाही काय? केले, ते सांगितलेच पाहिजे. रेशनकार्डावर माणशी 5 किलो धान्य फुकट मिळाले, शिवभोजनाची थाळी पाच रुपयांवर आली, आणि अनेक घरे त्यावर तगली. पण मजुरीचे काय झाले ते पाहा. मालकांनी टाळेबंदीच्या दिवसांचा पूर्ण पगार द्यावा असा हुकूम केंद्र सरकारने 29 मार्च 2020 रोजी काढला, आणि दोन महिने पुरते भरण्याच्या आतच, मेच्या मध्यास, तो मागे घेतला. शिवाय नगावर काम करणाऱ्यास तो लागू तरी कसा व्हावा? पुढे एप्रिल 2021 मध्ये राज्य सरकारने दुसऱ्या लाटेतील निर्बंधांबरोबर दीड हजार रुपयांच्या मदतीची घोषणा केली. तीत नोंदणी झालेले बांधकाम मजूर होते, परवानाधारक रिक्षावाले व फेरीवाले होते. सोलापूरची विडीकामगार बाई आणि यंत्रमागावरील मजूर त्या यादीत शोधूनही सापडत नव्हते.

आणि तरीही त्यांनी आज्ञा पाळली, हीच लक्षात घेण्याजोगी गोष्ट आहे. ज्या पेठांतून पहाटेपासून मागांचा खडखडाट ऐकू येतो, तेथे आठवडेच्या आठवडे शांतता होती. जुलै 2020 मध्ये पुन्हा दहा दिवस शहर बंद झाले, तेही लोकांनी सोसले. नियम मोडणारे होते. परंतु ते कशासाठी बाहेर पडत होते ते पाहावे. कोणी पाण्यासाठी, कोणी रेशनच्या रांगेसाठी, कोणी पानाची शाखा उघडली आहे काय हे पाहण्यासाठी. ज्यांच्या घरी दूध व भाजी दारात येत होती त्यांनी ही गर्दी खिडकीतून पाहिली आणि तिची छायाचित्रे एकमेकांस पाठविली.

याहून मोठा पुरावा हवा असेल तर तो याच जिल्ह्यात, पंढरपुरास आहे. 1 जुलै 2020 च्या आषाढीस लाखो वारकरी घरी राहिले. संतांच्या पादुका एस. टी.च्या गाड्यांतून, मोजक्या माणसांसह, आदल्या दिवशी पंढरीस आल्या. ज्याच्या घरात वारी पिढ्यान्‌पिढ्या चुकली नाही, त्या शेतकऱ्याने ती स्वतःच्या मनाने चुकविली. या लाखोंच्या पायांस बेड्या घालण्याइतके पोलीस कोणत्याच सरकारपाशी नव्हते. त्यांस थांबविले ते त्यांच्या समजुतीने. ज्या लोकांस शिस्त नाही असे आपण म्हणतो ते हेच लोक होत.

आता त्याच पंढरपुरातील दुसरे चित्र पाहावे. 17 एप्रिल 2021 रोजी पंढरपूर-मंगळवेढा मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. दुसरी लाट चढत होती, राज्यात 14 एप्रिलच्या रात्रीपासून कडक निर्बंध लागले होते. परंतु या मतदारसंघास मतदान उरकेपर्यंत त्यांतून सूट होती. प्रचारसभा झाल्या, सर्वच पक्षांचे पुढारी आले, मांडवांत माणसे खेटून बसली. विठोबासाठी येऊ नका म्हटल्यावर जे आले नाहीत त्यांस आपण बेशिस्त म्हणावयाचे, आणि मतांसाठी ज्यांनी गर्दी जमविली त्यांस लोकनेते म्हणावयाचे, हा न्याय आमच्या बुद्धीच्या पलीकडचा आहे. आज्ञा देणाऱ्यानेच ती आपल्या सोयीनुसार गुंडाळून ठेवावी, आणि मग लोकांचा तिजवरील विश्वास का उडाला म्हणून आश्चर्य करावे, याला काय म्हणावे?

दंडुक्याविषयीही बोलले पाहिजे. चौकाचौकांत माणसांस उठाबशा काढावयास लावल्याची, बेडूकउड्या मारावयास लावल्याची चित्रे त्या काळी घरोघर फोनवर फिरत होती, आणि आम्ही ती पाहून हसत होतो. त्यांत म्हातारी माणसे होती, हातात पिशवी असलेली होती. कायद्यात उठाबशांची शिक्षा कोठे सांगितली आहे, असा प्रश्न आमच्यापैकी किती वकिलांस, किती प्राध्यापकांस पडला? 8 मे 2020 रोजी, तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात, करमाडजवळ रुळांवर झोपलेले 16 मजूर मालगाडीखाली चिरडले गेले. ते जालन्याहून भुसावळेकडे रुळांच्या कडेने पायी निघाले होते. गाड्या बंद आहेत या समजुतीने ते रुळांवर निजले. तेव्हाही ‘रुळांवर कोणी निजते काय?’ असा प्रश्न आपल्याच घरांतून ऐकू आला.

येथे एका जुन्या गोष्टीची आठवण होते. 2020 साली वापरण्यात आलेला साथरोगांचा कायदा 1897 चा, म्हणजे प्लेगच्या वेळचा. त्याच साली पुण्यात रँडच्या अमलाखाली गोरे सोजीर घरोघर झडत्या घेत होते. त्या वेळी महाराष्ट्रातील सुशिक्षित वर्ग कोणाच्या बाजूस उभा राहिला? ज्यांच्या घरांत बूट शिरले त्यांच्या. टिळकांनी झडतीच्या रीतीवर ‘केसरी’तून कठोर टीका केली, आणि त्याच वेळी प्लेगच्या रुग्णांसाठी इस्पितळ काढण्यातही ते पुढे होते. सावित्रीबाई फुले रुग्णांची शुश्रूषा करता करता 10 मार्च 1897 रोजी प्लेगानेच गेल्या. साथीशी लढावे आणि जुलमासही आक्षेप घ्यावा, या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात, हा धडा त्यांनी घालून दिला. राज्य परक्यांचे होते म्हणून तेव्हाची गोष्ट निराळी, असे कोणी म्हणेल. आम्ही उलट म्हणतो: राज्य आपले आहे म्हणूनच त्यास जाब विचारणे अधिक सोपे होते, आणि म्हणूनच आपले मौन अधिक लाजिरवाणे ठरते. तोच कायदा बाहेर निघाला, आणि या खेपेस झडतीचा बूट आपल्या दारात येणार नाही अशी खात्री असल्यामुळे आपण गच्चीवरून टाळ्या वाजविल्या.

‘‘मग दंडुक्यावाचून लोक ऐकतात काय?’’ हा शेवटचा आक्षेप. याचे उत्तर कायद्यातच आहे. टाळेबंदी ज्या 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली पुकारली गेली, त्यात 51 वे कलम आज्ञाभंगाच्या शिक्षेचे आहे, आणि 12 वे कलम आपद्‌ग्रस्तांस अन्न, पाणी, निवारा व उपजीविकेसाठी साहाय्य यांच्या किमान प्रमाणांचे आहे. क्रमाने 12 वे आधी येते. 51 वे कलम प्रत्येक चौकात पोहोचले. 12 वे कलम मृतांच्या वारसांपुरते हलविण्यासाठीसुद्धा सर्वोच्च न्यायालयात जावे लागले आणि 30 जून 2021 चा निकाल मिळवावा लागला. 1897 च्या कायद्यात तर भरपाईचा उल्लेख ‘असल्यास’ एवढ्या एका शब्दाच्या आड लपलेला आहे. म्हणजे लोकांनी कर्तव्य पूर्ण पाळावयाचे, आणि राज्याने आपले कर्तव्य ऐच्छिक समजावयाचे.

आणि मुलांच्या शाळांचा हिशेब कोण देणार? राज्यात दारूची दुकाने मे 2020 मध्ये उघडू लागली. हॉटेले व बार 5 ऑक्टोबर 2020 पासून. देवळे 16 नोव्हेंबर 2020 रोजी. पहिली ते चौथीच्या मुलांस वर्गात पाऊल ठेवावयास डिसेंबर 2021 उजाडावा लागला. मधल्या काळात, डिसेंबर 2020 मध्ये, याच जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे रणजितसिंह डिसले यांस जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, आणि आपण सर्वांनी अभिमान मिरविला. परंतु त्या वेळी लहान मुलांच्या शाळांची दारे बंदच होती. आपल्या मुलांपाशी फोन होते, म्हणून शाळा उघडण्याची घाई आपणांस नव्हती. ज्या घरात एकच फोन, तोही बापाच्या खिशात, त्या घरातील मुलगी पुस्तकाऐवजी आईशेजारी सूप घेऊन बसली असेल, तर तिची वर्षे कोणत्या खात्यात जमा धरावयाची?

मार्च 2022 मध्ये राज्य सरकारने टाळेबंदीच्या काळात 188 व्या कलमाखाली भरलेले खटले मागे घेण्याचे जाहीर केले. म्हणजे ज्यांस तेव्हा गुन्हेगार ठरविले ते गुन्हेगार नव्हते, हे राज्याने एका अर्थी कबूल केले. आपण अद्याप केलेले नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये विधी आयोगाने आपल्या 286 व्या अहवालात 1897 चा कायदा अपुरा असल्याचे सांगून तो सुधारावा किंवा नवा करावा, असे सुचविले आहे. असा नवा कायदा होईल तेव्हा त्यात एक गोष्ट असावी, यासाठी सुशिक्षित वर्गाने आपले वजन खर्ची घातले पाहिजे: ज्या हुकुमाने काम बंद होईल, त्याच हुकुमात बुडणाऱ्या मजुरीची तरतूद असावी, आणि ती रोजंदारीवरील व नगावरील मजुरासही, नोंद असो वा नसो, लागू असावी. ज्या हुकुमात ही तरतूद नाही, तो बजावण्याचा अधिकार कोणासही असू नये.

पुढची साथ केव्हा येईल हे कोणासही सांगता येत नाही. येणारच नाही असे म्हणणारा मात्र इतिहास वाचलेला नाही. त्या वेळी ‘घरातच राहा’ अशी आज्ञा पुन्हा होईल, आणि लोक ती पुन्हा पाळतील. त्यांनी ती पाळून दाखविली आहे. तेव्हा खिडकीत उभे राहून त्यांची शिस्त मोजण्यापूर्वी, ती पाळताना त्यांचे काय गेले आणि आपले काय गेले, हे दोन आकडे प्रत्येकाने आपल्याच घरात शेजारी शेजारी लिहून पाहावेत.