डुक्कर शेजारच्या फडात, जखम आपल्या घरात



जिल्हा बैठकीच्या अंकात आम्ही उसाच्या दराबद्दल लिहावे अशी आपली अपेक्षा असते. या वेळी विषय वेगळा आहे. कुत्री घेऊन रानडुकराच्या मागे जंगलात उतरण्याचा नाद आपल्या पोरांना लागला आहे. त्याबद्दल आपण आपसात बोलत नाही, म्हणून इथे लिहीत आहोत.

गेल्या हिवाळ्यात पन्हाळ्याकडच्या एका गावातून रात्री उशिरा फोन आला. संघटनेचा जुना कार्यकर्ता बोलत होता. त्याचा एकोणीस वर्षांचा मुलगा चार मित्र आणि तीन कुत्री घेऊन गावामागच्या जंगलात गेला होता. भुईमुगात शिरणाऱ्या डुकराचा कायमचा बंदोबस्त करायचा, एवढाच बेत. कुत्र्यांनी डुक्कर करवंदीच्या जाळीत कोंडले. पोरगा कुत्र्याला सोडवायला पुढे झाला आणि डुकराचा सुळा त्याच्या मांडीत गेला. एक कुत्रे जागीच मेले. दुसरे दोन दिवसांनी पाय ओढत घरी आले. दवाखान्यात पोराने सांगितले, बैलाने शिंग मारले. खरे सांगितले तर गुन्हा दाखल होईल ही धास्ती. पोरगा वाचला, पण तो हंगाम त्याच्या हातून गेला.

आम्ही भेटायला गेलो तेव्हा बाप एवढेच म्हणाला, "साहेब, मागल्या सभेत तुम्हीच म्हणाला होतासा न्हवं, सरकार येत न्हाई, आपलं रान आपणच राखायचं?"

आम्ही तसे बोललो होतो. टाळ्याही घेतल्या होत्या. राखायचे म्हणजे काय, हे सांगायचे राहून गेले. ते आज सांगतो.

पहिली गोष्ट कुत्र्याची. आपल्याकडे शिकारीसाठी कारवानी कुत्र्याचा लौकिक आहे. मुधोळकडे त्यालाच मुधोळ हाउंड म्हणतात. 2005 साली टपाल खात्याने त्याचे तिकीटही काढले. गावोगाव दिसतात ती बहुतेक कारवानी आणि गावठी यांच्या संकराची. हे कुत्रे वासावर कमी आणि नजरेवर जास्त शिकार करते. लांब पाय, खोल छाती, पातळ कातडी, अंगावर चरबी नाही. उघड्या माळावर ससा दिसला की बाणासारखे सुटावे, यासाठी ही जात घडली. जंगलात तिचा हाच गुण तिच्या जिवावर उठतो. पूर्ण वेगात धावताना बुंधा, खडक, तुटकी काटेरी तार काहीच चुकवता येत नाही. पाय मोडतो, छाती फाटते, डोळ्यात काटा जातो. दहा फूट उंच उसात तर नजरेचा उपयोग शून्य. पाचटाने डोळे आणि पंजे कापतात आणि डुक्कर हातभर अंतरावर आले तरी दिसत नाही.

समोरचा गडी कसा आहे तेही पाहा. कारवानीचे वजन पंचवीस-तीस किलो. पूर्ण वाढलेला नर डुक्कर शंभर किलोच्या घरात जातो. खालचे सुळे वरच्या सुळ्यांवर घासून कायम धारदार राहतात. खांद्यावर त्याची कातडी ढालीसारखी जाड असते. तो खालून वर फटका मारतो. कुत्र्याचे पोट आणि माणसाची मांडी नेमकी त्याच उंचीवर येते. मांडीतली मोठी रक्तवाहिनी फाटली तर माणूस काही मिनिटांत जातो, आणि जंगलातून रस्त्यावर यायलाच तासभर लागतो.

काही जण म्हणतील, राजेरजवाडे शिकार करीतच होते. कसबा बावड्यात राहणाऱ्या आम्हाला हे रोज ऐकू येते, कारण शहरातून बावड्याकडे येताना नवा राजवाडा लागतो आणि तिथल्या संग्रहालयात पेंढा भरलेली जनावरे आहेत. कोल्हापूर दरबारात चित्ते पाळून काळविटाची शिकार होत असे, तीही उघड्या माळावर. मोठ्या शिकारीला घोडे, भाले, बंदुका आणि हाकारे असत. त्या हाकाऱ्यांत आपलेच आजे-पणजे होते आणि जनावर उलटले तर पहिला बळी त्यांचा जाई. त्या दिमाखातला आपला वाटा हाकाऱ्याचाच होता, हे विसरू नका. दाजीपूरच्या ज्या रानात संस्थानची शिकार चाले, तिथे 1958 साली अभयारण्य झाले. तो काळ संपला.

दुसरी गोष्ट शेतीची. कृषी महाविद्यालयात आम्हाला एक धडा पक्का शिकवला होता: किडीचा जीवनक्रम समजल्याशिवाय पंप पाठीला लावू नये. डुकराचेही तेच. मादी पावणेचार महिन्यांच्या आसपास गाभण राहते आणि एका वेळी चार-सहा पिल्ले देते. पोरांची कुत्री रविवारी एखादा नर मारतात आणि त्याचा फोटो गावभर फिरतो. कळपाची वाढ त्याने थांबत नाही. उलट हाकललेला कळप फुटतो आणि शेजाऱ्याच्या मक्यात जातो. पुढच्या रविवारी शेजाऱ्याची पोरे तो आपल्याकडे परत पाठवतात. आमच्या त्या कार्यकर्त्याच्या गावात दुसऱ्याच रात्री कळप चार बांध सोडून दुसऱ्याच्या भुईमुगात होता. याला बंदोबस्त म्हणत नाहीत. बाराही महिने उभा राहणारा आपला ऊस हाच डुकराचा निवारा झाला आहे. ते आता जंगलातून येत नाही, आपल्यातच राहते. मग जंगलात जाऊन काय मिळणार?

तिसरी गोष्ट कायद्याची. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची व्याख्या फक्त मारण्यापुरती नाही. पाठलाग करणे, हुसकावणे, फास लावणे आणि तसा प्रयत्न करणे, सगळे त्यात येते. कुत्री सोडली की गुन्हा झाला, डुक्कर मिळो न मिळो. 2022 च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पण त्याच कायद्याच्या अकराव्या कलमात उभ्या पिकाचे नुकसान करणाऱ्या अशा जनावराला मारण्याची लेखी परवानगी देण्याची तरतूद आहे. मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी ती देऊ शकतो. भांडायचे असेल तर या कागदासाठी भांडा. जंगलात जखमी झालेला पोरगा पंचनाम्यात काय सांगणार? आणि बैलाने मारले असे सांगणाऱ्याला डुकराची भरपाई कोण देणार?

गर्दीने जनावराचा पाठलाग केला की काय होते, हे आपण पाहिले आहे. 9 डिसेंबर 2020 रोजी पुण्यात कोथरूडमध्ये आलेला गवा लोकांच्या धावपळीत दमून मेला. डिसेंबर 2021 मध्ये पंचगंगेच्या काठाने गवा आपल्याच परिसरात आला. बघ्यांची झुंबड उडाली आणि भुयेवाडीत एका तरुणाचा जीव गेला. बिथरलेले जनावर समोर कोण आहे ते पाहत नाही. झाडीत कुत्री सोडणाऱ्याला तरी कुठे माहीत असते की आत डुक्कर आहे, गवा आहे की बिबट्या?

मग रान राखायचे कसे? कुत्रे जरूर पाळा, पण त्याचे काम बांधावर भुंकण्याचे. त्याला रेबीजची लस दरवर्षी टोचा. राखण एकट्याने नको, शिवाराने पाळी लावून करा. सौर कुंपणासाठी वनखात्याच्या अनुदानाचे अर्ज गावाने एकत्र करा. त्या कुंपणात थांबून थांबून क्षणभराचा झटका असतो, जनावर दचकते आणि मागे फिरते. खांबावरची वीज थेट तारेत सोडू नका. ती डुक्कर, गुरे आणि पहाटे पाणी पाजायला निघालेला आपला भाऊ यांत फरक करत नाही. गावठी बॉम्ब आणि फासेही तसलेच. नुकसान झाले की त्याच दिवशी फोटो काढून वनखात्याकडे अर्ज करा आणि पोहोच घ्या.

आणि एवढे सांगूनही कोणी जखमी झालाच, तर स्वच्छ कापडाची घडी जखमेवर घट्ट दाबून धरा, हात काढू नका, थेट दवाखाना गाठा आणि डॉक्टरला खरे सांगा. गुन्ह्याची भीती जिवापेक्षा मोठी नाही. धनुर्वाताचे इंजेक्शन घ्या. वेदनेत असलेले कुत्रे मालकालाही चावते. चावले तर जखम पंधरा मिनिटे साबणाने वाहत्या पाण्याखाली धुवा आणि रेबीजची लस पूर्ण करा. कुत्र्याचे पोट फाटले असेल तर आतडी आत ढकलू नका, ओल्या स्वच्छ कापडाने झाकून पशुवैद्यकाकडे न्या.

पोरांना दोष देऊन आम्हाला मोकळे व्हायचे नाही. रात्रभर जागून वाढवलेले पीक सकाळी उकरलेले दिसले की रक्त तापते. भरपाई वेळेवर आणि बाजारभावाने मिळाली असती, परवानगीचा अर्ज टेबलावर पडून राहिला नसता, तर तो पोरगा त्या रात्री घरात झोपला असता. सरकारची ही जबाबदारी आम्ही सोडणार नाही. पण सरकारवरचा राग पोराच्या मांडीतून वाहू द्यायचा नाही, ही जबाबदारी आपली आहे.

या बैठकीत आम्ही दोन ठराव मांडणार आहोत. एक सरकारसाठी: प्रत्येक अर्जावर ठरलेल्या मुदतीत पंचनामा, लेखी निर्णय आणि बाजारभावाने भरपाई. दुसरा आपल्यासाठी: संघटनेचा बिल्ला लावणारा कोणीही कुत्री घेऊन जंगलात उतरणार नाही आणि कोणाला उतरू देणार नाही. पहिल्या ठरावाला हात वर होतील हे आम्ही जाणतो. आम्ही मोजणार आहोत ते दुसऱ्या ठरावाचे हात.