दार एकाने उघडले, आत सगळे आले

न्यू जर्सीत स्थायिक झालेला माझा मावसभाऊ सुटीवर आला, की गप्पा एका ठरलेल्या वाक्यापाशी येतात : "अरे, आम्ही गुणवत्तेवर गेलो. तिथल्या काळ्यांसारखी आंदोलने करत नाही बसलो." या वेळी मात्र मला गप्प बसवेना.

गुणवत्ता आपल्याकडे १९६५ पूर्वीही होतीच की! मग अमेरिकेचे दार का बंद होते? भगतसिंग थिंड हा अमेरिकी सैन्यात नोकरी केलेला माणूस. पण तो 'गोरा' नाही म्हणून १९२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्याचा नागरिकत्वाचा हक्क नाकारला. १९४६ मध्ये नियम सैल झाला, तोही वर्षाला अवघ्या १०० भारतीयांपुरता.

पुढे माँटगोमेरीच्या कृष्णवर्णीयांनी ३८१ दिवस बसवर बहिष्कार घातला, सेल्मात लाठ्या खाल्ल्या. १९६४ चा नागरी हक्क कायदा आणि १९६५ चा मतदानहक्क कायदा ही त्यांची कमाई. घरातल्या नागरिकांत वंशभेद नको म्हटल्यावर दारातल्या पाहुण्यांत तो कसा चालावा? त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला देशवार कोट्याची जुनी पद्धत मोडणाऱ्या कायद्यावर सही झाली. शीतयुद्धात जगापुढे अब्रू राखण्याची निकडही त्यामागे होती. पण रेटा चळवळीचा होता.

हक्क असे पसरतात. १९६४ च्याच कायद्याने नोकरीतला स्त्री-पुरुष भेदही बेकायदा ठरवला. सरकारी पैसा घेणाऱ्या संस्थांनी अपंगांना डावलू नये, हे १९७३ च्या कायद्यातले कलम त्याच्याच धर्तीवर लिहिले गेले. त्याची नियमावली निघेना, तेव्हा १९७७ च्या एप्रिलमध्ये अपंगांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी इमारतीत तीन आठवड्यांहून अधिक ठिय्या दिला. त्यांना रोज गरम जेवण पोचवले ते ब्लॅक पँथर पक्षाच्या कार्यकर्त्यांनी! १९७२ मध्ये मुंबईतल्या दलित तरुणांनी आपल्या संघटनेसाठी 'पँथर' हे नाव घेतले, ते याच पक्षावरून.

हे ऐकून मावसभाऊ म्हणाला, "हे आम्हांला कुणी सांगितलेच नाही." खरे आहे. पण आता कळल्यावर काय? ज्यांच्या पाठीवरचे वळ आपला परवाना ठरले, त्यांच्या मोर्चाकडे पाहून आपण नाक मुरडायचे? हा प्रश्न न्यू जर्सीपुरता नाही. आपल्या गावातही कुणाचा ना कुणाचा मोर्चा निघतो, आणि आपण म्हणतो, 'यांना आणखी काय हवे?' कदाचित त्यांना हवे असते, ते उद्या आपल्याच मुलांना लागणार असते.