काशीचे घड्याळ नागपुरात चालेल काय?

वाराणसीला गंगेच्या पलीकडे रामनगरचा किल्ला आहे. काशीनरेशांच्या या किल्ल्यातील संग्रहालयात एक मोठे खगोलीय घड्याळ आहे. वेळेबरोबरच वर्ष, महिना, वार आणि सूर्य, चंद्र व नक्षत्रे यांची माहिती दाखविण्याची योजना त्यात केलेली आहे. एकोणिसाव्या शतकात काशीच्या दरबारी ज्योतिष्याने ते तयार केले. स्ट्रासबुर्गच्या चर्चमधील घड्याळाचे आणि ते १८३८ ते १८४३ या काळात नव्याने घडविणाऱ्या श्विल्गे याचे कौतुक आपण वाचतो. ते योग्यच आहे. पण आपल्या पंचांगाला दातेरी चाकांत बसवू पाहणाऱ्या या माणसाची आठवण विज्ञानाच्या तासाला कोणी काढल्याचे मी तरी ऐकलेले नाही.

विद्यार्थी मित्रांनो, समजा काशीच्या पंचांगाप्रमाणे चालणारे असे घड्याळ आपण नागपुरात आणून भिंतीवर टांगले. ते येथे बरोबर चालेल काय?

पहिली अडचण महिन्याची. आपला महिना अमावास्येला संपतो, काशीचा पौर्णिमेला. आपण पोळा साजरा करतो त्या श्रावण अमावास्येला काशीचे घड्याळ भाद्रपद दाखवील! शुक्ल पक्षात दोन्हीकडचे महिने जुळतील, वद्य पक्षात पुन्हा फाटतील. वर्षाचा आकडाही वेगळा, कारण आपला शक आणि त्यांचा विक्रम संवत यांत १३५ चे अंतर आहे. दुसरी अडचण सूर्योदयाची. वाराणसी ८३ रेखांशावर आहे, नागपूर सुमारे ७९.१ वर. एका अंशाला चार मिनिटे या हिशेबाने सूर्य आपल्या माथ्यावर सुमारे १६ मिनिटे उशिरा येतो. अक्षांशातील फरकामुळे उगवण्याची वेळ आणखी बदलते, ती निराळीच. तिथी संपण्याचा क्षण सगळ्या पृथ्वीवर एकच असतो. पण सूर्योदयाला जी तिथी असेल ती त्या दिवसाची, असा नियम असल्यामुळे गाव बदलले की एखादे वेळी तिथीही बदलते.

खरी मौज चंद्राच्या चाकात आहे. चंद्रकला दाखविणाऱ्या जुन्या घड्याळांत बहुधा ११८ दातांचे एक चाक असते व त्यावर समोरासमोर दोन चंद्र रंगविलेले असतात. दर बारा तासांनी चाक एक दात पुढे सरकते. म्हणजे ५९ दिवसांत दोन चांद्रमास, एकाचे २९.५ दिवस. प्रत्यक्ष चांद्रमास सरासरी २९.५३०५९ दिवसांचा आहे. दर महिन्याला ४४ मिनिटांची चूक! सुमारे दोन वर्षे आठ महिन्यांत ती एक दिवसाची होते. (अधिक मासही साधारण एवढ्याच काळाने येतो, पण तो निव्वळ योगायोग समजा.) हेच काम १३५ दात घेऊन केले तर महिना २९.५३१२५ दिवसांचा होतो आणि एक दिवसाची चूक व्हायला सव्वाशेच्या आसपास वर्षे लागतात.

तरीही तिथी पकडीत येत नाही. चंद्र सूर्याच्या पुढे बारा अंश गेला की एक तिथी झाली. चंद्र पृथ्वीजवळ असताना वेगाने जातो, दूर असताना रेंगाळतो; म्हणून तिथी कधी २० तासांच्या आसपास, तर कधी २६ तासांहून मोठी असते. एकसारखे फिरणारे चाक हे कसे दाखविणार? ग्रीसजवळच्या समुद्रातून १९०१ साली वर काढलेल्या, दोन हजार वर्षांपूर्वीच्या अँटिकिथेरा यंत्रात याचे उत्तर सापडले आहे. एका चाकावरची खुंटी दुसऱ्या चाकाच्या खाचेत बसते आणि दोघांचे मध्य किंचित सरकलेले असतात. त्यामुळे दुसरे चाक आपोआप कधी जलद, कधी सावकाश फिरते.

तिथी मोबाइलवर दिसते, मग एवढा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. मोबाइल उत्तर सांगतो. ते कसे आले हे दाखवीत नाही. त्यामुळे पंचांग म्हणजे कुणीतरी सांगावे आणि आपण मानावे असा समज टिकून राहतो. शिक्षकांपैकीही काही जण ‘हा विज्ञानाचा विषय नव्हे’ म्हणून ते बाजूला ठेवतात. हे मला पटत नाही. बारा अंशांचा कोन मोजणे ही भूमितीच आहे. नागपूरच्या रामन विज्ञान केंद्रात नागपूरच्या अक्षांश-रेखांशांसाठी केलेले, आतली चाके उघडी दिसणारे तिथीचे घड्याळ असावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

ते होईल तेव्हा होवो, चंद्राचे चाक शाळेत आजच करता येईल. कोनमापकाने ११८ भाग पाडायला जाऊ नका, कारण ३६० ला ११८ ने पूर्ण भाग जात नाही. ५९ सेंटिमीटर लांबीची कागदाची पट्टी घ्या, तिच्यावर अर्ध्या-अर्ध्या सेंटिमीटरवर खुणा करा आणि ती १८.८ सेंटिमीटर व्यासाच्या पुठ्ठ्याच्या चकतीभोवती चिकटवा. मग खुणांवर दात कापा.